सामाईक लहरी आणि त्यांचा परवाना

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर बंदोबस्तासाठी उभ्या असलेल्या पोलिसाच्या खिशात मोबाइल असतो आणि हातात मात्र वॉकी-टॉकी असते. घरोघरी फोन पोहोचलेल्या काळात हा जाडजूड संच हवाच कशाला, आणि तो वापरण्यासाठी पोलीस, रेल्वे किंवा बंदर यांसारख्या सरकारी संस्थांनाही दिल्लीकडे अर्ज का करावा लागतो, असा प्रश्न सामान्य माणसाला पडतो. प्रश्नाचा पहिला भाग तंत्राचा आहे आणि दुसरा कायद्याचा. पण ट्रंक्ड रेडिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत हे दोन्ही भाग इतके गुंतलेले आहेत की एक बाजूला ठेवून दुसरा उलगडता येत नाही.

१. एकाने बोलावे, साऱ्यांनी ऐकावे

मोबाइल हे मुख्यतः दोन माणसांच्या संभाषणाचे साधन आहे. क्रमांक लावायचा, घंटा वाजायची, पलीकडच्याने फोन उचलायचा आणि मग बोलणे सुरू व्हायचे, या साऱ्यात काही सेकंद जातात आणि घरगुती बोलण्यात ते कोणाला खटकतही नाहीत. बंदोबस्ताची गरज वेगळी असते. लालबागहून निघालेली मोठी मिरवणूक चिंचपोकळी, भायखळा, नागपाडा असे टप्पे घेत ऑपेरा हाउसमार्गे चौपाटीला पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. या वाटेवर एखाद्या चौकात गर्दी दाटली, तर मागची वाहने रोखण्याची सूचना एकाच क्षणी सगळ्या चौक्यांना, गस्तीच्या गाड्यांना आणि नियंत्रण कक्षाला ऐकू जावी लागते. म्हणून बिनतारी संचावर बटण दाबले की बोलायचे आणि सोडले की ऐकायचे, एकाने बोलावे आणि गटातल्या साऱ्यांनी ऐकावे, अशी रचना असते. नियंत्रण कक्षातून फिरत्या पथकांना सूचना देण्याच्या या पद्धतीला डिस्पॅच म्हणतात. पोलिसांप्रमाणेच अग्निशमन दल, रेल्वे, विमानतळ, बंदर आणि वीजपुरवठा करणाऱ्या संस्था यांचे कामही तिच्यावर चालते.

दुसरे कारण संकटकाळाचे आहे. मोबाइल कंपन्या आपल्या मनोऱ्यांची क्षमता रोजच्या गर्दीच्या अंदाजावर ठरवतात. सगळ्या शहराने एकाच वेळी फोन लावला, तर तो लागणार नाही हे त्या हिशेबात गृहीतच असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांनी हा अनुभव घेतला : काही ठिकाणी वीज गेल्याने मनोरे बंद पडले, तर जिथे ते चालू होते तिथे लाखो लोक एकदमच घरी फोन लावू पाहत होते. १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर येथे काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. अशा वेळी तीन ठिकाणच्या पथकांचा एकमेकांशी संपर्क हा नागरिकांच्या फोनांशी स्पर्धा करून मिळवायचा असेल, तर तो मिळेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. जीविताशी संबंध असलेल्या संस्था स्वतंत्र लहरी मागतात, त्याचे कारण हेच.

२. लहर, पट्टा आणि जोडी

रेडिओलहर दर सेकंदाला किती वेळा कंप पावते त्या संख्येला तिची वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. दहा लाख हर्ट्झ म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले, तर लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी त्यामुळे सुमारे ३७ सेंटिमीटर निघते, आणि इतक्या आखूड लहरीला आखूड अँटेना पुरत असल्याने संच हातात मावतो.

आवाज वाहून नेण्यासाठी एकच नेमकी वारंवारता पुरत नाही, तिच्या आजूबाजूची थोडी जागाही लागते. डिस्पॅचच्या जगात ही जागा दीर्घकाळ २५ किलोहर्ट्झ धरली गेली, आणि अशा एका तुकड्याला चॅनेल म्हणतात. हातातला संच दुबळा असल्यामुळे तो थेट दुसऱ्या संचापर्यंत फार दूर पोहोचत नाही. म्हणून उंच इमारतीवरचे किंवा टेकडीवरचे केंद्र त्याचा आवाज पकडते आणि जोरदार करून परत सोडते. केंद्राने एकाच वारंवारतेवर ऐकायचे आणि त्याच वेळी बोलायचे म्हटले, तर स्वतःच्याच आवाजाने ते बहिरे होईल, म्हणून संच एका वारंवारतेवर बोलतो आणि केंद्र दुसऱ्या वारंवारतेवर. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंमध्ये ४५ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवण्याची रीत आहे. परवान्यांत नेहमी चॅनेलच्या जोड्यांची भाषा का असते, हे यावरून कळेल.

जुन्या पद्धतीत एका खात्याला एक जोडी कायमची नेमून दिली जाई. त्या खात्याचे लोक गप्प असले की जोडी रिकामी पडे, आणि दोघांना एकदम बोलायचे असले की एकाला थांबावे लागे. शेजारच्या खात्याची जोडी त्याच क्षणी मोकळी असली तरी तिचा उपयोग नसे.

३. चाळीच्या मजल्याचे गणित

परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या चाळींत मजल्याच्या टोकाला चार-पाच संडास असत आणि वीस-पंचवीस खोल्यांतली कुटुंबे ते सामाईक वापरत. त्यांतला एकेक संडास पाच-पाच खोल्यांना कायमचा वाटून दिला असता, तर एका दारापुढे रांग लागलेली आणि शेजारचे दार उघडे, असे दृश्य रोज दिसले असते. सामाईक असल्यामुळे जो मोकळा असेल तो ज्याला गरज त्याने वापरायचा. सकाळी पाळी सुटण्या-लागण्याच्या वेळी रांग लागे हे खरे, पण ती एकच असे आणि सरकत राही. शाळेला निघालेल्या पोराला किंवा आजारी माणसाला पुढे सोडण्याचा अलिखित नियमही असे. ट्रंकिंग म्हणजे रेडिओच्या जोड्यांची हीच व्यवस्था : जोड्या कोणाच्याच नावावर नसतात, साठ्यात असतात, आणि बोलणे संपताच साठ्यात परत येतात.

यातून किती फायदा होतो हे मोजण्याचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारूप एर्लांग या गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. एक छोटे उदाहरण घेता येईल. पाच खाती आहेत, प्रत्येक खात्यात तासाला १८० संदेश जातात आणि प्रत्येक संदेश सरासरी १० सेकंदांचा आहे. म्हणजे प्रत्येक खात्याची जोडी तासातला निम्मा वेळ, ३० मिनिटे, व्यग्र राहते. संदेश कोणत्याही क्षणी येऊ शकतात आणि जोडी मोकळी नसेल तर बोलणारा थांबतो, असे धरले, तर स्वतंत्र जोड्यांच्या पद्धतीत १०० पैकी ५० वेळा बटण दाबणाऱ्याला थांबावे लागेल आणि सरासरी प्रतीक्षा १० सेकंदांची होईल. त्याच पाच जोड्या एका साठ्यात टाकल्या, तर थांबण्याची वेळ १०० पैकी सुमारे १३ वेळा येईल आणि सरासरी प्रतीक्षा अर्ध्या सेकंदावर उतरेल. संदेश तितकेच, जोड्याही तितक्याच. बदलला तो केवळ मालकीचा नियम.

हेच उलट बाजूनेही पाहता येते. स्वतंत्र पद्धतीत प्रतीक्षा या पातळीवर आणायची असेल, तर प्रत्येक खात्याला दोन, म्हणजे एकूण १० जोड्या लागतील. सामाईक पद्धतीत पाच बोलण्यासाठी आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, एक कारभारासाठी, अशा सहा पुरतात.

४. मोकळी जोडी शोधते कोण?

जुन्या पद्धतीत बोलणारा स्वतः कान देऊन वाट पाहत असे आणि शांतता झाली की घुसत असे. सामाईक पद्धतीत हे काम संगणक करतो. साठ्यातली एक जोडी केवळ कारभारासाठी राखलेली असते, तिला कंट्रोल चॅनेल म्हणतात, आणि स्वस्थ असलेला प्रत्येक संच तिच्यावर कान लावून असतो. बटण दाबताच संच तिच्यावरून स्वतःची ओळख आणि आपल्या गटाचे नाव कळवतो. संगणक मोकळी जोडी शोधतो आणि त्या गटातल्या सगळ्या संचांना तिच्यावर येण्याची आज्ञा देतो. बोलणाऱ्याला यातले काही जाणवत नाही. युरोपात १९९०च्या दशकात तयार झालेल्या टेट्रा या मानकात हा सारा व्यवहार साधारण एकतृतीयांश सेकंदात उरकतो. साठ्यात जागाच नसेल, तर विनंती रांगेत लागते. आणि संचावरचे धोक्याचे बटण दाबले गेले, तर इतर कोणाचे बोलणे तोडून त्याला जागा करून दिली जाते, ही सोय चाळीच्या मजल्यावर नव्हती.

गट ही यातली सर्वांत उपयुक्त कल्पना आहे. दादरचे वाहतूक पोलीस हा एक गट, अग्निशमन दलाची एका आगीवर गेलेली पथके हा दुसरा, आणि गरज पडल्यास दोहोंतले अधिकारी मिळून तिसरा. हे गट नियंत्रण कक्षात बसून जोडता-तोडता येतात, कारण गट म्हणजे संगणकातली एक यादी असते आणि तिचा कोणत्याही ठरावीक वारंवारतेशी कायमचा संबंध नसतो.

टेट्राने आणखी एक काटकसर केली. आवाजाचे अंकांत रूपांतर करून २५ किलोहर्ट्झच्या एकाच तुकड्यात वेळेचे चार भाग पाडले, आणि चार संभाषणे पाळीपाळीने, पण कानाला अखंड वाटतील अशी, त्यातून नेली. त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या सहा वाटा टेट्राच्या दोन जोड्यांत मावतात आणि वर दोन उरतात. जुन्या हिशेबाने १० जोड्या खाणारे काम दोन जोड्यांत व्हावे, हा फरक परवाने देणाऱ्या सरकारच्या दृष्टीने फार मोठा आहे.

मुंबईत या तंत्राचे ठळक उदाहरण पश्चिम रेल्वेचे आहे. चर्चगेट ते विरार या उपनगरी मार्गावर मोटरमन, गार्ड आणि नियंत्रण कक्ष यांना जोडणारी मोबाइल ट्रेन रेडिओ कम्युनिकेशन ही यंत्रणा टेट्रा मानकावर उभारलेली आहे, आणि चर्नी रोड, ग्रँट रोड, लोअर परळ, दादर या स्थानकांतून जाणाऱ्या लोकल गाड्या तिच्या आधारे धावतात. देशातल्या मेट्रोमार्गांनीही बहुधा हेच मानक स्वीकारले आहे. भुयारात बाहेरची लहर शिरत नाही, म्हणून भुयारी मार्गात भिंतीच्या कडेने अशी केबल टाकतात की जिच्या आवरणातून लहर जागोजागी मुद्दाम बाहेर झिरपू दिलेली असते; ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या कुलाबा–वांद्रे–सीप्झ मार्गासारख्या, गिरगाव आणि दादरच्या पोटातून जाणाऱ्या मार्गाला अशा सोयीवाचून गत्यंतर नसते.

५. परवाना नेमका कशाचा?

हवेवर कोणाची मालकी नसताना तिच्यातून जाणाऱ्या लहरीसाठी परवानगी का घ्यावी, ही शंका जुनी आहे. परवाना घेणाऱ्याला खरे तर लहर मिळत नाही, ती त्याचा संचच निर्माण करतो. त्याला मिळते ते इतरांचे मौन. ठरावीक परिसरात, ठरावीक वारंवारतेवर, दुसऱ्या कोणी बोलायचे नाही, असे सरकार त्याच्या वतीने सांगते आणि मोडणाऱ्याला शिक्षा करते. ज्या लहरींवर असे मौन लागू नाही, तिथे परवानाही लागत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यातल्या अल्प शक्तीच्या संचांना भारतात २०१८ पासून सूट आहे. गणेश मंडळाचे स्वयंसेवक या पट्ट्यातले, मान्यताप्राप्त संच परवान्याविना वापरू शकतात, पण शेजारच्या मंडळाची बडबड ऐकू आली तर तक्रार कोणाकडेही करता येत नाही. बाजारात आणि विशेषतः ऑनलाइन दुकानांत या पट्ट्याबाहेरचे संचही सर्रास विकले जाऊ लागले, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये त्यांच्या विक्रीवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. खेळण्यासारखा दिसणारा स्वस्त संच पोलिसांच्या वारंवारतेवर बोलू शकतो, ही भीती निराधार नाही.

भारतात या मौनाची मालकी सरकारकडे आली ती १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने. तार उभारण्याचा एकाधिकार त्या कायद्याने सरकारला दिला आणि पुढे रेडिओही त्याच व्याख्येत सामावला. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : परवान्याविना बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. या कायद्यांमागे लहरींची टक्कर टाळण्याइतकाच राजवटीचा धाकही होता, आणि त्याचा पुरावा गिरगावात सापडतो. १९४२च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेले काँग्रेस रेडिओ हे केंद्र ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर बोलत असे. वर सांगितलेला भागाकार केला, तर ती सुमारे ७.१ मेगाहर्ट्झ येते. लहर कोठून येते याचा माग यंत्रांनी काढता येतो, हे ठाऊक असल्यामुळे प्रक्षेपक एका जागी ठेवला जात नसे. गिरगाव बॅक रोडवरच्या पारेखवाडीसह शहरातल्या निरनिराळ्या घरांतून तो फिरवला गेला आणि अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी पकडला. इतरांनी मौन पाळावे ही व्यवस्था सार्वजनिक हिताची असली, तरी कोणाला गप्प बसवायचे हे ठरवणारा तटस्थ असतोच असे नाही.

स्वतंत्र भारतात या अधिकाराला वेगळा पाया मिळाला. क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. म्हणजे सरकार तिचे धनी नसून विश्वस्त ठरले. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने केलेला दूरसंचार कायदा जुन्या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा असून तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे.

६. अर्जाचा प्रवास

ट्रंक्ड यंत्रणेच्या परवान्याचे दोन प्रकार भारतात रूढ आहेत. एखादी संस्था केवळ स्वतःच्या कामासाठी यंत्रणा उभारते तेव्हा त्या यंत्रणेला कॅप्टिव्ह म्हणतात. रेल्वे, मेट्रो, विमानतळ यांच्या यंत्रणा या प्रकारच्या. दुसरा प्रकार सार्वजनिक : एखादी कंपनी यंत्रणा उभारते आणि टॅक्सी, कुरिअर, कारखाने, सुरक्षारक्षक अशा अनेकांना ती भाड्याने वापरू देते.

दोन्ही प्रकारांत सेवेची परवानगी वेगळी आणि वारंवारता वेगळी घ्यावी लागते, आणि नवख्या अर्जदाराचा गोंधळ होतो तो इथेच. वारंवारता नेमून देण्याचे काम १९५२ मध्ये स्थापन झालेल्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन या केंद्रीय विभागाकडे आहे. कोणता पट्टा कोणत्या कामाचा, हे राष्ट्रीय वारंवारता वाटप आराखड्यात ठरलेले असते, आणि तो आराखडा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमांशी जुळवून घेऊन अधूनमधून सुधारला जातो. २०२२ मध्ये त्याची अशी एक आवृत्ती निघाली. संचांना मान्यता आहे का हे तपासले जाते. मनोरा कोठे उभारायचा, तो विमानांच्या वाटेत येतो का आणि शेजारच्या यंत्रणांना त्रास देतो का, हे पाहण्यासाठी सॅकफा ही अनेक मंत्रालयांची सल्लागार समिती आहे. अर्ज आता सरल संचार या संकेतस्थळावरून करता येतात, ही सोय मोठी आहे, पण टप्पे त्यामुळे कमी झालेले नाहीत.

मुंबईच्या बाबतीत भूगोलाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. वारंवारता ही जागेशी बांधलेली असते. मुंबईत दिलेली जोडी पुण्यात दुसऱ्याला देता येते, कारण मध्ये सह्याद्री उभा आहे. पश्चिमेला मात्र अडसर नाही. उन्हाळ्यात समुद्रावरच्या हवेचे थर असे बसतात की लहर वर निसटण्याऐवजी पाण्यालगत अडकून फार दूर जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर हजाराहून अधिक मैलांवरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटल्याची नोंद आहे. शहराच्या आत अडचण उलटी. गिरणीच्या जमिनींवर लोअर परळ-लालबागमध्ये उभ्या राहिलेल्या टोलेजंग इमारती, त्यांतली श्रीनिवास मिलच्या जागेवरची वर्ल्ड वन ही एकटी २८० मीटर उंच, अँटेनासाठी उत्तम जागा देतात आणि त्याच वेळी आपल्या पाठीमागच्या बैठ्या चाळींवर रेडिओची सावली पाडतात. त्यामुळे एका उंच केंद्राऐवजी अनेक लहान केंद्रे लागतात, आणि प्रत्येक केंद्राला जागेची स्वतंत्र मंजुरी.

शुल्काचे मूळ सूत्र सोपे आहे. किती अंतरापर्यंत पोहोचायचे, पट्टा किती रुंद आणि चॅनेल किती, या तीन गोष्टींचे गुणक ठरलेले असतात आणि त्यांच्या गुणाकारातून वार्षिक स्वामित्वशुल्क निघते. बाकी सारे तेच ठेवून जोड्या दुप्पट केल्या, तर शुल्कही दुप्पट. आधीच्या उदाहरणातल्या १० जोड्यांऐवजी सहांवर काम भागवणाऱ्याला त्यामुळे शुल्कातही बचत होते. मात्र ज्याचा एकूण संदेशभार एका जोडीपुरताच आहे, त्या लहान संस्थेला कंट्रोल चॅनेलची जास्तीची जोडी घेऊन ट्रंकिंग करणे तोट्याचे ठरते. सामाईकपणाचा लाभ वाटेकरी पुरेसे असतील तेव्हाच मिळतो.

७. लिलाव की नेमणूक?

२ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जी प्रकरणातले १२२ परवाने रद्द केले आणि स्पेक्ट्रमसारखी, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यासारखी, दुर्मीळ संपत्ती लिलावानेच द्यावी, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देताना न्यायालयाने स्पष्ट केले की प्रत्येक नैसर्गिक संपत्तीला लिलाव बंधनकारक नाही. मधल्या काळात डिस्पॅचच्या लहरींचे काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. सार्वजनिक ट्रंकिंगसाठी लिलाव करावा की आणखी कोणती पद्धत वापरावी, यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये चर्चा घडवून शिफारशी केल्या. २०२३च्या कायद्याने मार्ग असा काढला की लिलाव हा नियम, आणि परिशिष्टात दिलेल्या कामांसाठी सरकारने थेट नेमणूक करायची. राष्ट्रीय सुरक्षा, आपत्ती व्यवस्थापन, रेल्वे-मेट्रोसारख्या वाहतूक व्यवस्थांची सुरक्षितता ही कामे त्या यादीत आहेत. अग्निशमन दलाने मोबाइल कंपनीशी बोली लावावी अशी अपेक्षा कोणी करणार नाही, तेव्हा ही विभागणी योग्यच म्हणावी लागेल.

नेमून दिलेल्या लहरीवर वापराची बंधने का घालावी लागतात, याचा धडा अमेरिकेत मिळाला. तिथे १९७०च्या दशकात ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांच्या डिस्पॅचसाठी खुला केला गेला. नेक्स्टेल कंपनीने असे असंख्य छोटे परवाने विकत घेतले, डिजिटल तंत्र वापरले आणि त्याच लहरींवर मोबाइल सेवा उभी केली. त्याच पट्ट्यात पोलिसांचे आणि अग्निशमन दलांचे संच होते; नेक्स्टेलच्या दाट मनोऱ्यांजवळ ते ऐकू येईनासे झाले. अखेर २००४ मध्ये तिथल्या नियामक आयोगाला सगळ्या पट्ट्याची फेरमांडणी करण्याचा आदेश द्यावा लागला, आणि ती अनेक वर्षे चालली. भारतातही ट्रंकिंगचा ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइलच्या पट्ट्याला लागूनच आहे, आणि कुंपण कच्चे राहिले तर तोच त्रास इथेही होईल.

८. कुंपणाच्या आतली बचत

भारतातली सार्वजनिक ट्रंकिंग सेवा १९९०च्या दशकाच्या मध्यात, म्हणजे मोबाइल फोनच्याच बरोबरीने सुरू झाली, आणि आर्या ऑम्नीटॉकसारख्या थोड्या कंपन्यांनी ती चालवली. मोबाइलचे दर कोसळले तसे तिचे किरकोळ ग्राहक निघून गेले आणि ज्यांना गटाने बोलण्याची खरोखर गरज आहे असे विमानतळ, कारखाने, मोठी वाहतूकदार मंडळी एवढेच उरले. सामाईक साठ्याचा सर्वाधिक लाभ जिथे मिळाला असता, ती बाजू अशी खुंटली.

उरली ती कॅप्टिव्ह यंत्रणांची बाजू, आणि तिच्यात एक विसंगती आहे. कॅप्टिव्ह परवान्याची अट अशी की यंत्रणेवरून परवानाधारकाचेच संदेश जावेत, दुसऱ्या संस्थेचे नव्हेत. अट घालण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. एरवी स्वतःच्या नावाने स्वस्तात लहरी घेऊन त्या भाड्याने देण्याचा धंदा सुरू होईल. परंतु तिचा परिणाम असा की रेल्वे, मेट्रो, पोलीस, बंदर यांतली प्रत्येक संस्था आपापल्या कुंपणात जोड्यांचा साठा करते, प्रत्येकीला स्वतंत्र कंट्रोल चॅनेल लागतो, आणि एकीच्या रिकाम्या जोड्या दुसरीच्या गर्दीच्या वेळी पडून राहतात. जुन्या पद्धतीत खात्याखात्यांत होणारी उधळपट्टी ट्रंकिंगने थांबवली, तर परवान्याच्या अटींनी ती संस्थासंस्थांत परत आणली. दादरसारख्या ठिकाणी, जिथे पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, भुयारी मेट्रो, बेस्टच्या बसगाड्या आणि पोलीस काहीशे मीटरच्या परिसरात काम करतात, तिथे एखादी दुर्घटना घडली तर या सर्वांचा एक गट संगणकातल्या यादीत क्षणात तयार करता यायला हवा. पण यंत्रणा वेगळ्या असल्या की यादीही वेगळी राहते, आणि मग एका संस्थेचा अधिकारी दुसऱ्या संस्थेचा संच हातात घेऊन उभा राहतो किंवा मोबाइलकडे वळतो. ब्रिटनसारख्या देशांनी पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिघांसाठी एकच टेट्रा जाळे उभारून हा प्रश्न सोडवला. भारतात त्यासाठी तंत्र नव्याने आणावे लागणार नाही. अनेक संस्थांच्या नावाने एकत्रित परवाना, शुल्काची वाटणी आणि संकटकाळी अग्रक्रम कोणाचा याचा आधीच केलेला लेखी करार, एवढे मात्र लागेल, आणि यांतला तिसरा भाग सर्वांत अवघड आहे.

दरम्यान तंत्र पुढे सरकले आहे. बटण दाबून गटाशी बोलण्याची सोय २०१६ पासून फोर-जीच्या आंतरराष्ट्रीय मानकांतच आली असून, तिच्यावरून आवाजाबरोबर चित्रही पाठवता येते. भारतीय रेल्वेला जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५ मेगाहर्ट्झ देण्याचा निर्णय घेतला, तो याच दिशेने. २५ किलोहर्ट्झच्या तुकड्यांच्या तुलनेत हे देणे प्रचंड आहे, आणि इतका रुंद पट्टा प्रत्येक संस्थेला वेगळा देणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. त्यामुळे पोलिसांना आणि अग्निशमन दलाला एक तर एकाच पट्ट्यात एकत्र यावे लागेल, किंवा मोबाइल कंपनीच्या जाळ्यावर अग्रक्रम विकत घ्यावा लागेल. दुसरा पर्याय निवडला, तर त्यांना वारंवारतेचा परवाना लागणारच नाही. पण २६ जुलैसारख्या दिवशी मनोऱ्याची वीज किती तास टिकेल, हे तेव्हा परवान्याच्या अटीऐवजी कंपनीबरोबरच्या कराराच्या एखाद्या कलमावर ठरेल.